दिल्लीतलं सुवर्ण आणि सादुलपूरची मतं : एका थाळीफेकपटूच्या लोकप्रियतेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जिल्हा मैदानी स्पर्धेत थाळीफेक कायम मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात असते. मंडप शंभर मीटरच्या समाप्ती रेषेजवळ, लाउडस्पीकर तिकडेच, पाहुणेही तिकडेच. इकडे वर्तुळाभोवती जाळी, दोन पंच, टेप धरणारी पोरं आणि आपली पाळी यायची वाट बघत बसलेल्या पाच-सहा मुली. मी फेकीचे प्रकार शिकवतो, त्यामुळे माझी बरीच वर्षं या कोपऱ्यात गेली. म्हणूनच 11 ऑक्टोबर 2010 ची संध्याकाळ मला विसरता येत नाही. त्या दिवशी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये अख्खं प्रेक्षागृह थाळीच्या वर्तुळाकडे तोंड करून बसलं होतं.

राष्ट्रकुल स्पर्धेतली महिलांची थाळीफेक. कृष्णा पूनिया 61.51 मीटर, हरवंत कौर 60.16, सीमा अंतिल 58.46. तिन्ही पदकं भारताची. मैदानी खेळांत भारताला याआधीचं राष्ट्रकुल सुवर्ण मिळालं होतं 1958 साली कार्डिफला, मिल्खा सिंग यांच्या 440 यार्डांच्या शर्यतीत. मध्ये 52 वर्षं गेली. आणि भारतीय स्त्रीला मैदानी खेळांत राष्ट्रकुल सुवर्ण मिळाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

या सुवर्णामागची वाट लांबची होती. कृष्णा यांचा जन्म 1977 चा, हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातला. लग्न होऊन त्या राजस्थानच्या चुरू जिल्ह्यात गेल्या. पती वीरेंद्र पूनिया हेच पुढे त्यांचे प्रशिक्षक झाले आणि 2012 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. मुलगा झाल्यावर कृष्णा पुन्हा वर्तुळात उतरल्या. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत ब्राँझ, 2008 ला बीजिंग ऑलिंपिकची पात्रता फेरी, मग दिल्ली. दिल्लीनंतर महिन्याभरातच ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत 61.94 मीटरवर पुन्हा ब्राँझ. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार, 2011 मध्ये पद्मश्री. दिल्लीत जिंकल्या तेव्हा त्यांचं वय 33 होतं आणि घरी शाळकरी मुलगा होता. आमच्याकडे लग्न झालं की मुलीची किट बॅग माळ्यावर जाते. ती खाली काढायला लावणारं एक नाव त्या दिवशी मिळालं.

2012 : शिखर, आणि पदकाविना परतणं

लंडनच्या तयारीसाठी पूनिया दांपत्य अमेरिकेत गेलं. 1976 चे ऑलिंपिक विजेते मॅक विल्किन्स यांच्याकडे पोर्टलंडला सराव झाला. मे 2012 मध्ये हवाई बेटांवर त्यांनी 64.76 मीटर फेक केली. तो राष्ट्रीय विक्रम पुढे जवळजवळ नऊ वर्षं टिकला.

हा आकडा म्हणजे किती, हे बाहेरच्याला कळावं म्हणून थोडं सांगतो. महिलांची थाळी एक किलोची. मधे लाकूड किंवा फायबर, कडेला धातूची वळी. ती मुठीत धरतच नाहीत. बोटांची शेवटची पेरं तेवढी कडेवर अडकवलेली असतात आणि गिरकीच्या जोरावर थाळी हाताला चिकटून राहते. वर्तुळ अडीच मीटर व्यासाचं. त्यात दीड गिरकी घ्यायची, सगळा जोर पायांतून कमरेत आणि कमरेतून खांद्यात आणायचा, आणि शेवटी थाळी तर्जनीवरून सुटली पाहिजे. बोट किंचित लवकर सुटलं की थाळी जाळीत. किंचित उशीर झाला की सेक्टरच्या, म्हणजे थाळी पडायच्या आखलेल्या हद्दीच्या, बाहेर. पन्नास मीटरवरून पंचावन्नवर जायला चांगल्या मुलीची तीन-चार वर्षं जातात. साठच्या पुढचा एकेक मीटर तर रक्त आटवतो.

लंडनला त्या अंतिम फेरीत पोचल्या. भारताच्या ज्या मोजक्या मैदानी खेळाडूंनी हे केलं, त्या मिल्खा सिंग, गुरबचन सिंग रंधावा, श्रीराम सिंग, पी. टी. उषा, अंजू बॉबी जॉर्ज यांच्या रांगेत त्या बसल्या. पुरुषांच्या थाळीफेकीत विकास गौडाही तेव्हा अंतिम फेरीत होते. कृष्णा यांची फेक 63.62 मीटर, क्रमांक सातवा. पुढे रौप्य मिळवलेली रशियाची खेळाडू उत्तेजक प्रकरणात बाद झाली आणि त्या एक जागा वर सरकल्या. सुवर्ण क्रोएशियाच्या सांद्रा पेर्कोविचला, 69.11 मीटर. शेवटी ब्राँझ ज्या फेकीला गेलं ती 66.38 ची होती. म्हणजे कृष्णा यांनी आपला राष्ट्रीय विक्रम तिथे जसाच्या तसा काढला असता, तरी पदक आलं नसतं.

लंडनहून भारत सहा पदकं घेऊन आला आणि सहावी-सातवी आलेल्यांना विमानतळावर हार मिळत नाहीत. माझ्या लेखी मात्र लंडन हे दिल्लीपेक्षा मोठं काम होतं. दिल्लीत जगातल्या बऱ्याच बलाढ्य फेकपटू नव्हत्याच, लंडनमध्ये सगळ्या होत्या. पण लोकांच्या मनात आजही दिल्लीच आहे.

प्रश्न काय होता

2013 उजाडलं तेव्हा चित्र असं होतं. वय 36 च्या घरात. पुढच्या वर्षी ग्लासगोची राष्ट्रकुल आणि इंचिऑनची आशियाई स्पर्धा. त्यानंतरचं ऑलिंपिक 2016 मध्ये, म्हणजे वयाच्या 39 व्या वर्षी. राजस्थानात आणि हरियाणात नाव घराघरांत. पण थाळीफेकीला लीग नाही, टीव्हीवरचा हंगाम नाही. क्रिकेटपटू दर आठवड्याला पडद्यावर दिसतो, थाळीफेकपटू चार वर्षांतून एक संध्याकाळ. त्या संध्याकाळी मिळालेली लोकप्रियता पुढं कुठं न्यायची आणि किती दिवसांत न्यायची, हा खरा प्रश्न.

त्याच वर्षी खेलरत्न पुरस्कार नेमबाज रोंजन सोधी यांना जाहीर झाला. कृष्णा यांनी आपल्यावर अन्याय झाल्याचं उघडपणे सांगितलं, क्रीडामंत्र्यांपर्यंत गेल्या. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती यात मी शिरत नाही. मला त्यात एवढंच दिसतं की दिल्लीला तीन वर्षंही झाली नव्हती आणि त्या सुवर्णाचं मोल पुन्हा पटवून देण्याची पाळी आली होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता : ग्लासगो आणि इंचिऑनपर्यंत बाकी सगळं बंद आणि फक्त फेक.

दुसरा, प्रशिक्षणाचा. घरात द्रोणाचार्य विजेता प्रशिक्षक, स्वतःकडे राष्ट्रीय विक्रम. पायाशी चुरूसारखा जिल्हा, जिथून भालाफेकीत पॅरालिंपिक सुवर्ण आणणारे देवेंद्र झाझडिया आले. सादुलपूर भागात फेकीची शाळा उभी राहिली असती तर मुलींची रीघ लागली असती, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा पर्याय नोकरीचा. त्या रेल्वेत होत्याच. आपल्याकडे धावपटू ललिता बाबरला राज्य शासनानं महसूल खात्यात थेट नेमणूक दिली, तसा स्थिर मार्ग. यात गाजावाजा नाही, पण पदकाच्या प्रकाशावर पोट अवलंबून राहत नाही.

चौथा पर्याय राजकारण. आणि राजकारण तारीख ठरवून दारात येतं. राजस्थान विधानसभेचं मतदान 1 डिसेंबर 2013 ला होतं.

काय केलं गेलं

ऑक्टोबर 2013 मध्ये कृष्णा पूनिया काँग्रेसमध्ये आल्या आणि चुरू जिल्ह्यातल्या सादुलपूर मतदारसंघातून उभ्या राहिल्या. बसपचे मनोज न्यांगली जिंकले, भाजपच्या कमला कस्वां दुसऱ्या, कृष्णा तिसऱ्या. काँग्रेसचं राज्यभर पानिपत झालं होतं, 200 पैकी 21 जागा. त्यामुळे हा पराभव सगळा त्यांच्या खात्यावर टाकता येत नाही.

निवडणूक संपली तरी त्यांनी खेळ सोडलेला नव्हता. 2014 मध्ये त्या ग्लासगोला उतरल्या आणि 57.84 मीटरवर पाचव्या आल्या. त्याच स्पर्धेत सीमा अंतिल, आता सीमा पूनिया, यांनी 61.61 मीटरवर रौप्य मिळवलं. दोन महिन्यांनी इंचिऑनला सीमा यांनी 61.03 मीटरवर आशियाई सुवर्ण घेतलं. कृष्णा पदकाबाहेर राहिल्या.

हे आकडे मी वहीत शेजारी-शेजारी लिहून बघितले आहेत. दिल्लीतली 61.51 ची फेक ग्लासगोत ब्राँझला पुरली असती आणि इंचिऑनला सुवर्णाला. एका दिवसाची फेक दुसऱ्या दिवसावर कलम करता येत नाही, आणि 33 व्या वर्षाचं शरीर 37 व्या वर्षी मागता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी वहीचं ते पान उघडलं की चटका बसतो.

त्यानंतर मात्र त्यांनी जे केलं त्याबद्दल मला फार आदर आहे. हरलेला खेळाडू-उमेदवार बहुतेक वेळा शहरात परत जातो. त्या सादुलपूर सोडून गेल्या नाहीत. 1 जानेवारी 2017 चा प्रसंग तेव्हा देशभर गाजला. राजगढच्या, म्हणजे सादुलपूरच्याच, रेल्वे फाटकापाशी त्यांची गाडी थांबली होती. मोटारसायकलवरचे तीन तरुण दोन मुलींना त्रास देत होते. कृष्णा गाडीतून उतरल्या, त्यांच्या मागे धावल्या, एकाला पकडलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. ज्या पायांनी वर्तुळात गिरकी घेतली तेच पाय फाटकावर धावले. दिल्लीचं सुवर्ण टीव्हीवर बघितलेल्यांपेक्षा हा प्रसंग ऐकलेल्या राजगढच्या आईबापांना त्या जास्त आपल्या वाटल्या असणार, असा माझा अंदाज आहे.

डिसेंबर 2018 मध्ये त्याच मतदारसंघातून त्या 18 हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. समोरच्या उमेदवारांत तेच मनोज न्यांगलीही होते.

निष्पत्ती

आमदार होऊन जेमतेम चार महिने झाले आणि पक्षानं त्यांना जयपूर ग्रामीण लोकसभेचं तिकीट दिलं. समोर राज्यवर्धन सिंग राठोड, 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते आणि तेव्हाचे क्रीडामंत्री. दोन ऑलिंपियन आमनेसामने, त्यामुळे वर्तमानपत्रांना लढत रंगवायला सोपी होती. प्रत्यक्षात ती लढत झालीच नाही. राठोड 3 लाख 93 हजार मतांनी जिंकले. राजस्थानातल्या 25 पैकी एकही जागा त्या वेळी काँग्रेसला मिळाली नाही.

2022 मध्ये त्या राजस्थान राज्य क्रीडा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. 2023 च्या विधानसभेत सादुलपूरची जागा पुन्हा न्यांगली यांनी काढून घेतली, या वेळी अडीच हजारांच्या आसपास मतांनी. म्हणजे तेच दोन उमेदवार, तीन निवडणुका, आणि दर वेळी तराजू वेगळा.

मैदानावर काय घडलं तेही सांगायला हवं. मार्च 2021 मध्ये पतियाळाला कमलप्रीत कौरनं 65.06 मीटर फेक करून 64.76 चा विक्रम मोडला. 65 मीटर ओलांडणारी ती पहिली भारतीय स्त्री. टोकियोच्या अंतिम फेरीत ती सहावी आली आणि देशानं त्या दुपारी पुन्हा एकदा कामं टाकून थाळीफेक बघितली. पुढच्या वर्षी उत्तेजक चाचणीत ती सापडली आणि तिच्यावर बंदी आली. आमच्या मैदानावरच्या मुलींनी वर्षभरात तिचं नाव घेणं थांबवलं. कृष्णा पूनिया यांचं नाव त्या अजूनही घेतात. ज्यांनी दिल्ली बघितलंच नाही, त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीही घेतात.

निर्णयाच्या जागा

पहिली जागा ऑक्टोबर 2013 ची. माझ्या मते सगळ्यात महाग पडलेला निर्णय हाच. जुलैत स्पर्धा असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे फेकपटूचे पाया घालायचे महिने असतात. जड वजनं, मेडिसिन बॉल, रोज शेकड्यानं कोरड्या, म्हणजे थाळी न सोडता, गिरक्या. हे काम कुणाला दिसत नाही, पण जुलैत थाळी जिथं पडते ते अंतर याच महिन्यांत ठरतं. नेमके ते महिने जीपमध्ये, सभांमध्ये, गावोगावच्या चहात गेले. प्रचारात झोप तुटते, जेवणाच्या वेळा मोडतात, पाय दिवसभर उभे. 36 व्या वर्षी हे भरून काढता येत नाही. एक हंगाम थांबून, इंचिऑननंतर राजकारणात उतरणं शक्य होतं. पण तिकीट थांबत नाही आणि पुढची विधानसभा पाच वर्षं लांब होती, हेही तितकंच खरं. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मी अनेकदा स्वतःला विचारलं आहे. प्रशिक्षक म्हणून उत्तर लगेच येतं. घर चालवणारा माणूस म्हणून ते तितकं सोपं राहत नाही.

सीमा पूनिया यांनी दुसरी वाट धरली. त्या फेकतच राहिल्या. 2006 ते 2018 या चार राष्ट्रकुल स्पर्धांत चार पदकं, वर आशियाई सुवर्ण. पदकं मोजली तर त्यांची थाळी जड आहे. पण चौकात उभं राहून नाव विचारलं तर कृष्णा यांचं नाव आधी येतं. एका ‘पहिल्या’ सुवर्णानं जे दिलं ते चार पदकांनी दिलं नाही. मुलींना मी दोघींच्या गोष्टी सांगतो, आणि कुणाची आधी सांगायची यावर माझं मन अजून ठरत नाही.

दुसरी जागा पराभवानंतरची, आणि इथे त्यांनी बरोबर केलं. 2013 ला मतदारांसमोर पदक होतं, माणूस नव्हता. 2018 पर्यंत माणूस समोर आला होता. मैदानावरही हेच असतं : पहिल्या फेकीला फाउल झाला म्हणून कुणी किट आवरून निघून जात नाही. शांतपणे मागे येऊन, टॉवेलनं थाळी पुसून, पुढच्या पाळीची वाट बघायची असते.

तिसरी जागा 2019 ची. चार महिन्यांपूर्वी मिळालेला विश्वास सोडून दुसऱ्या मुलखात उभं राहणं. जयपूर ग्रामीणमध्ये कोटपुतली, शाहपुरा, आमेर, फुलेरा असे भाग येतात, सादुलपूर त्यात येत नाही. पाच वर्षांत फाटकावर, बाजारात, लग्नकार्यात जमवलेली ओळख तिथं चालणारच नव्हती. चाललं असतं तर फक्त दिल्लीचं पदक, आणि समोरच्याकडे ऑलिंपिकचं पदक होतं. पक्षाला चेहरा हवा होता हे समजतं. तरी नकार द्यायला हवा होता, असं मला वाटतं. त्या वेळी सादुलपूरच्या माणसांना कसं वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पदकाला मतं चिकटून येत नाहीत हे चुरूनं 2024 मध्ये पुन्हा दाखवलं. देवेंद्र झाझडिया तिथूनच भाजपतर्फे लोकसभेला उभे राहिले. दोन पॅरालिंपिक सुवर्णं, एक रौप्य, पद्मभूषण, आणि जन्मगाव याच राजगढ तालुक्यातलं. ते हरले.

वेगळं काय करता आलं असतं

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती दुसऱ्या पर्यायाची. राजकारण आणि फेकीची शाळा एकमेकींच्या आड येत नाहीत. 2014 च्या अखेरीस, मैदानावरचे मोठे दिवस संपत आलेले असताना, सादुलपुरात एक वर्तुळ, एक जाळी, डझनभर थाळ्या आणि दोन प्रशिक्षक एवढ्यावर सुरुवात करता आली असती. वर्तुळ म्हणजे शेवटी सिमेंटचा खरबरीत चौथरा आणि भोवती लोखंडी पट्टी. आमच्याकडे गावच्या गवंड्यानं दोन दिवसांत ते घातलं. पाच वर्षांत तिथून राज्य पातळीची एखादी मुलगी निघाली असती, आणि मतदारसंघातल्या आईबापांना पूनिया हे नाव निवडणुकीच्या हंगामातच नव्हे, रोज संध्याकाळी ऐकू आलं असतं.

दुसरं, क्रीडा परिषदेच्या काळातलं. 29 ऑगस्ट 2022 ला राजस्थान सरकारनं ग्रामीण ऑलिंपिक सुरू केलं. लाखो माणसं मैदानात उतरली, सासू-सुना एका संघात खेळल्या, घुंघट घेऊन बायका कबड्डीला उभ्या राहिल्या. इतका मोठा खेळांचा मेळा मी आमच्या राज्यात कधी बघितला नाही. मी त्यातल्या खेळांची यादी वाचली : कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, शूटिंग बॉल, हॉकी, टेनिस बॉल क्रिकेट. सहा खेळ. राज्याच्या क्रीडा परिषदेच्या अध्यक्षपदी देशाची थाळीफेकीतली राष्ट्रकुल विजेती होती, आणि यादीत थाळीफेक नव्हती. पुढच्या वेळी गावागावात वाळूवर चुन्यानं अडीच मीटरचं एक वर्तुळ आखलं, तरी सुरुवातीला तेवढं पुरेल.